दुसऱ्या पंगतीचा मेल

बाळासो इंगवले यांनी आपले गादीचे दुकान लक्ष्मीपुरीतून उचलून फुलेवाडीच्या नव्या गाळ्यात नेले, या घटनेची कोल्हापूर शहराने जी दखल घेतली, ती एखाद्या चिमणीने वळचण बदलल्यावर घेतली जाते त्याहून अधिक नव्हती. जुन्या दुकानाचे बंद शटर पाहून येणारा-जाणारा मनुष्य क्षणभर थबके, "इंगवले गेले वाटतं," असे हळहळून म्हणे आणि पुढे भडंग घ्यायला जाई. दोन गिऱ्हाइके तर घरी सांत्वनाला येऊन गेली. दार बाळासोंनीच उघडले आणि चहाही बाळासोंनीच दिला. तथापि इतक्या लांब आलोच आहोत तर सांत्वन करूनच जावे, असा त्या मंडळींचा आग्रह पडला, तो बाळासोंना मोडवला नाही.

नवा गाळा तसा उत्तम होता. रस्ता रुंद, उजेड मुबलक, छत उंच. उणीव एकच, आत माणूस येत नव्हता. दिवसभर बाळासो स्वहस्ते टाके घातलेल्या गाद्यांच्या थप्प्यांमध्ये बसून रस्त्याकडे पाहत, आणि रस्ता त्यांच्याकडे न पाहता सुतासारखा सरळ निघून जाई.

अशा अवस्थेत त्यांचा मेहुणा आदर्श हा एके दिवशी जेवायला आला आणि ताटावरच त्याने विषय काढला.

"दाजी, राग मानू नका. कापसाच्या गादीवर आता कोण झोपतंय? लोक दाबली की वर येणाऱ्या गाद्या घेत्यात, त्या बी मोबाईलवरनं. माझ्या वळखीचा एक मोमोवाला हाय. त्याला जागा पायजे. गाळा भाड्यानं द्या अन् तुमी निवांत घरात बसा."

'निवांत घरात बसा' हे शब्द बाळासोंच्या काळजात सुई रुतावी तसे रुतले. सुईचा त्यांना आयुष्यभराचा अनुभव असल्यामुळे ती किती खोल गेली हेही त्यांना अचूक कळले. ज्या जागेत कापसाचा पवित्र गंध दरवळावा, तेथे कोबी वाफवला जाणार! त्यांचा घास हातातच राहिला.

"रविवारी मी रीतसर उद्घाटन करणार आहे," ते म्हणाले. हा बेत त्यांनी त्याच क्षणी केला होता. "गिऱ्हाईक लोटलं म्हणजे कळेल तुला."

"अन् न्हाय लोटलं तर?"

या प्रश्नाचे उत्तर बाळासोंच्या पत्नी संयोगिताबाईंनी दिले. "न्हाय आलं तर आदर्श म्हणतोय तसं. आलं तर दुकान तुमचं. पण रविवारी एक काय ते मिटवा. रोज जेवताना गादी अन् मोमो, गादी अन् मोमो. माझ्या तोंडाची चव गेली."

याप्रमाणे एका वाटी आमटीच्या साक्षीने बाळासोंच्या व्यवसायाचे भवितव्य रविवारच्या गर्दीवर येऊन ठेपले.

आता गर्दी जमवावी कशी? येथे त्यांना आपल्या पावतीपुस्तकांची आठवण झाली. छापखानेवाल्याने प्रत्येक पावतीवर नाव, गाव, फोन यांच्या जोडीला 'ई-मेल' असा एक रकाना हौसेने छापून दिला होता. कोल्हापूर जिल्ह्यातील माणसाला रिकामा रकाना बघवत नाही. ज्याचा स्वतःचा मेल नव्हता त्याने लेकाचा लिहिला, ज्याला लेक नव्हता त्याने जावयाचा, आणि एका आजोबांनी तर बँकेतल्या साहेबांचा लिहिला होता. असे नऊशेच्या आसपास पत्ते बाळासोंची कन्या भैरवी हिने, जी महाविद्यालयात संगणक शिकवीत असे, पूर्वीच यंत्रात भरून ठेवले होते.

मेलचा मजकूर सिद्ध करण्यास शेजारचे तात्या धावून आले. तात्या हे पंचायत समितीच्या आवक-जावक विभागातून निवृत्त झालेले. कागदाला जावक क्रमांक नसेल तर त्यातील मजकूर खोटा असतो, अशी त्यांची निष्ठा होती. दोघांनी मिळून पुढील मजकूर तयार केला:

'जा. क्र. १. स. न. वि. वि. आमचे येथे श्रीकृपेकरून गादी दुकानाचे स्थलांतर योजिले असून येत्या रविवारी सकाळी दहा वाजता आपण सहकुटुंब, सहपरिवार फुलेवाडी येथे येऊन दर्शनाचा लाभ द्यावा. गादीवर दहा टक्के सूट. कृपया आहेर आणू नये.'

"आहेराचं कशाला, तात्या?" बाळासोंनी शंका घेतली.

"असू द्या. वजन येतं."

वरच्या मजल्यावरील धोंडुबाई जिन्यातून हे सर्व ऐकत होत्या. त्या खाली येऊन म्हणाल्या, "नुसती अक्षरं कोण वाचतंय? फोटू टाका की. गादीवर माणूस झोपल्याला दिसला म्हंजे बघणाऱ्याला झोप येती, अन् झोप आली की गादी आठवती."

हा विचार शास्त्रशुद्ध वाटल्यामुळे तत्काळ पांढरी गादी अंथरण्यात आली. धुवट सदरा-लेंगा घालून बाळासो तिच्यावर उताणे झाले, दोन्ही हात छातीवर जुळवले आणि डोळे मिटले.

"अवो, जरा कुशीवर तरी व्हा," संयोगिताबाई म्हणाल्या.

"गाढ झोपेचा भाव आहे हा. कुशीवर वळणं म्हणजे गादीवर अविश्वास," बाळासो डोळे न उघडता म्हणाले. डास फार होते म्हणून धोंडुबाईंनी उशाशी उदबत्ती लावली. भैरवीने ओठ दाबून फोटो काढला. त्या ओठ दाबण्याचा अर्थ त्या वेळी कोणीही लक्षात घेतला नाही.

खरा वाद पत्त्यांवरून झाला.

"बाबा, सगळ्यांचे पत्ते बीसीसीमध्ये टाका," भैरवी म्हणाली. "म्हणजे मेल सगळ्यांना जातो, पण कुणाला कुणाचं नाव दिसत नाही. पद्धतच आहे तशी."

"म्हणजे लपवून बोलवायचं?"

"लपवून नव्हे हो, प्रत्येकाला वाटतं आपल्याला एकट्यालाच आलाय."

"एकट्याला? हातकणंगल्याच्या मोठ्या माणसाला मी बोलवणार, अन् ते चारचौघांना दिसणार नाही? उद्या लोक म्हणतील, इंगवल्यानं आम्हाला मागच्या दारानं बोलवलं, मोरीकडनं! अगं, माणसाचा मान त्याचं नाव वाचण्यात असतो. जे करायचं ते उघड करायचं."

तात्यांनी मान डोलावून अनुमोदन दिले. एवढेच नव्हे, नावे उघड ठेवायची तर ती मानाप्रमाणे लावली पाहिजेत, हा मुद्दा त्यांनीच पुढे आणला. मग दोघे रोज संध्याकाळी कंदी पेढ्याचा पुडा मध्ये ठेवून नावे लावीत बसले. लग्नाच्या गाद्या नेलेली घराणी आधी, मग डॉक्टर, मग गुरुजन, मग दूध संस्थांचे आजी-माजी पदाधिकारी, आणि एकच उशी नेलेले लोक सर्वांत शेवटी. काही नावांवर तर इतका खल झाला की, सरकारी नेमणुकांतही तेवढा होत नसावा.

सोमवारी सकाळी देवाला नमस्कार करून बाळासोंनी कळ दाबली. यंत्राने मेल परत केला. एका दिवसात पाचशेपेक्षा अधिक माणसांना पत्र पाठवता येणार नाही, असे त्याचे म्हणणे होते.

"पाचशेच्या वर माणसं असणारा माणूस ह्यांनी बघितला नसंल," तात्या खिन्नपणे म्हणाले. "बरं, निम्मी आज, निम्मी उद्या. त्यात काय? लग्नात सगळी एकदम जेवत्यात व्हय?"

त्याप्रमाणे पहिले पाचशे सोमवारी गेले आणि उरलेले मंगळवारी.

पहिले उत्तर तासाभरात आले. बाळासोंनी चष्मा पुसून ते उघडले. त्यात लिहिले होते, 'भावपूर्ण श्रद्धांजली.' त्यापाठोपाठ दुसरे: 'इंगवले मामांच्या हातची गादी आमच्या घरात आहे. शांत चेहरा पाहून वाईट वाटले.' तिसरे: 'दर्शन रविवारपर्यंत ठेवणार आहेत का? बर्फाची सोय आहे ना?' पत्ते उघडे असल्यामुळे ही उत्तरे केवळ बाळासोंना नव्हे, तर पाचशेच्या पाचशे जणांना पोचत होती. एकाने वाहिलेली श्रद्धांजली पाहून दुसरा, दुसऱ्याची पाहून तिसरा वाहत होता. आपण वाहिली नाही तर बरे दिसणार नाही, ही भावना आपल्या समाजात अद्याप जागृत आहे, याचा तो हृद्य पुरावा होता.

"मी हयात आहे," असे बाळासो स्वतःच्या पत्नीस म्हणाले.

"मला काय सांगताय? त्यांना कळवा."

तात्यांच्या मदतीने खुलासा पाठविण्यात आला: 'जा. क्र. २. अधोस्वाक्षरीकर्ता हयात असून सदर छायाचित्रात केवळ विश्रांती घेत आहे, याची नोंद घ्यावी.' यावर पहिल्या गृहस्थांनी उत्तर दिले, 'हे पत्र कोणी लिहिले?' आणि बाळासोंना आपण हयात असल्याचे आयुष्यात प्रथमच ओशाळवाणे वाटले.

तथापि हे सर्व मंगळवारच्या तुलनेत काहीच नव्हते.

पेठ वडगावचे केरबा आण्णा हे दूध संस्थेचे माजी चेअरमन. कन्या अवंतिका हिच्या लग्नात त्यांनी बाळासोंकडून गाद्या नेल्या, आणि रकाना भरताना तिचाच मेल लिहिला. गडहिंग्लजच्या झुंबरबाई या त्यांच्या विहीणबाई, म्हणजे मुलाची आई. त्यांनीही त्याच लग्नात गाद्या नेल्या आणि मुलाचा, उन्मेषचा मेल लिहिला. आता उन्मेष आणि अवंतिका पुण्यात एकाच घरात राहतात. त्या घरात सोमवारी बायकोला मेल आला आणि नवऱ्याला आला नाही. नवऱ्याला आला मंगळवारी. अवंतिकाने भाकरी वाढता वाढता एवढेच म्हटले, "आमचा मान पहिल्या पंगतीचा बाई," आणि हसली. उन्मेष हसला नाही. त्याने आईला फोन केला.

आईने बाळासोंना केला.

"कोण, इंगवले न्हवं का? गडहिंग्लजची झुंबरबाई हाय मी."

"नमस्कार, नमस्कार बाई! आपलं आमंत्रण पोचलं ना?"

"पोचलं की! उष्ट्या पत्रावळी उचलून झाल्यावर पोचलं. मुलाकडची कोण? आमी का केरबा?"

"आपण, आपण."

"मग मांडवात आधी कुणाला बसवत्यात? मुलीकडच्यास्नी जेवू घालून मुलाकडची दारात उभी करत्यात व्हय तुमच्या फुलेवाडीत?"

"बाई, तसं नाही. कंपनीचा नियम आहे. पाचशेच्या वर एका दिवसात—"

"कंपनीला लेक न्हाय, सून न्हाय, विहीण न्हाय. तिला काय कळतंय? तुमाला कळाय पायजे हुतं!"

हे बोलणे इतके सयुक्तिक होते की, बाळासोंनी फोनवरच हात जोडले. त्यांनी त्याच रात्री क्षमापत्र सिद्ध केले आणि बुधवारी पाठविले, जावक क्रमांक तीन, त्यात झुंबरबाईंचे नाव सर्वांच्या शिरोभागी होते. दुपारी पेठ वडगावहून फोन आला.

"बाळासो, मी केरबा. काल-परवा मी वर हुतो. आज खाली कसा गेलो? चेअरमनकी गेली म्हणून तुमी बी?"

"अहो आण्णा, विहीणबाईंची समजूत—"

"मला त्यांचं काय न्हाय. त्या मोठ्याच हाईत. पण वर चढवून खाली वढलेलं माणूस बघितलंयसा कवा? निवडणुकीत बी अशी गत झाली न्हवती माझी."

इकडे उन्मेषने 'आईच्या सांगण्यावरून' असे लिहून सर्वांना उत्तर दिले. अवंतिकाने पलीकडच्या खोलीतून 'आण्णांच्या वतीने' सर्वांना प्रत्युत्तर दिले. क्षमापत्र दोन्ही पंगतींतल्या निवडक पाचशे मानकऱ्यांना गेले होते, त्यामुळे आता पाचशे घरांतील माणसे एका सुशिक्षित नवराबायकोचे भांडण घरबसल्या वाचू लागली. इचलकरंजीच्या एका डॉक्टरांनी मत दिले की, मान मुलाकडचाच. मुरगूडहून कोणी लिहिले की, ज्याने गाद्या जास्त नेल्या त्याचा मान. एकाने मध्येच 'गाभण म्हैस विकणे आहे' असे कळविले आणि तिलाही बरीच विचारणा आली. अखेर हातकणंगल्याच्या एका निवृत्त गुरुजींनी सर्वांना उद्देशून लिहिले: 'हा तंटा मेलवर मिटणार नाही. रविवारी इंगवल्यांच्या दुकानातच उभयपक्षांनी समोरासमोर यावे.' हा मेल वाचून बाळासोंना रामरक्षा आठवली.

ते तातडीने एक सविस्तर खुलासा टाइप करू लागले, आणि तेवढ्यात खाते बंद पडले. पडद्यावर अशी सूचना आली की, आपल्या वर्तनात संशयास्पद हालचाली आढळल्या आहेत.

"संशयास्पद!" बाळासो उठून उभे राहिले. "सरळ टाका घालण्यात हयात गेली माझी. वजनात कधी कापूस मारला नाही. आणि माझं वर्तन संशयास्पद?"

कंपनीचे कार्यालय कोल्हापुरात कोठे आहे, याचा शोध तात्यांनी सुरू केला. ते कोठेच नाही, असे भैरवीने तीन वेळा सांगूनही, कार्यालय नसलेली कंपनी असू शकते ही गोष्ट तात्यांच्या बुद्धीस पटेना. शेवटी दोघे अर्ज घेऊन टेलिफोनच्या कार्यालयात गेले. तेथील कारकुनाने अर्ज अथपासून इतिपर्यंत वाचला.

"पावणं, ह्याच्याशी आमचा काय संबंध न्हाय."

"मान्य," तात्या म्हणाले. "पण आवकचा शिक्का तेवढा मारून द्या."

"कशाला?"

"समाधान असतं हो."

कारकून हा सहृदय मनुष्य होता. त्याने पाठकोऱ्या कागदावर शिक्का मारून दिला. तात्यांचे समाधान झाले. बाळासोंचे झाले नाही. कारण आता त्यांच्या हाती कोणालाही काहीही कळविण्याचे साधन उरले नव्हते, आणि रविवार जवळ येत होता. येईल कोणीच नाही, अशी एक भीती होती. येतील ती दोनच माणसे, अशी दुसरी भीती होती. दुसरी अधिक मोठी होती.

रविवारी दहा वाजता दारावर आंब्याचे तोरण होते, आत गुलाबपाण्याचा शिडकावा होता, आणि माणूस नव्हता. सव्वादहाला आदर्श आला. त्याच्यासोबत मोमोवाला होता; अंगाने स्थूल, स्वभावाने शांत. तो हातातल्या पट्टीने भिंत मोजू लागला.

"हितं शेगडी बसंल," तो आदर्शला म्हणाला. पट्टीचा तो कुरकुर आवाज बाळासोंनी पाठमोरे राहून ऐकला. संयोगिताबाईंनी त्यांच्या हातात पेढ्याचे ताट दिले आणि हळूच म्हटले, "तोंड पाडू नका. अजून बारा वाजायचेत."

आणि जीप थांबली. आधी नऊवारीचा हिरवा काठ उतरला, मग झुंबरबाई उतरल्या. "कुठं हाईत इंगवले? मेल नको, फोन नको. जाब विचाराय सोता आलोय."

"या बाई, या. बसा आधी," बाळासो म्हणाले आणि त्यांनी त्यांना सर्वांत चांगल्या, एकावर एक अशा दोन गाद्यांवर बसविले. त्या बसतात न बसतात तोच पेठ वडगावची गाडी आली. केरबा आण्णा फेटा सावरीत आत शिरले. त्यांना समोर एका गादीवर बसविले. आणि मग जे घडले ते बाळासोंनी स्वप्नातही योजिले नव्हते. माणसे येऊ लागली. हातकणंगल्याचे गुरुजी आले, इचलकरंजीचे डॉक्टर आले, म्हैस विकणारे आले, म्हैस घेणारे आले. एक गृहस्थ झेंडूचा हार घेऊन आले आणि बाळासोंना उभे पाहून हार मागे लपवू लागले. कोण जिंकतंय ते बघायला निम्मा जिल्हा लोटला होता.

केरबा आण्णांनी समोर पाहिले. मग खाली पाहिले. मग बाळासोंना खुणेने बोलावले.

"त्या दोन गाद्यांवर. मी एका गादीवर. हे मुद्दाम का चुकून?"

"चुकून, आण्णा."

"मग माझ्याखाली एक टाका."

बाळासोंनी आणि आदर्शने मिळून एक गादी टाकली. आदर्श सहज मदतीला वाकला होता; आपण कशात पाय घालतो आहोत याची त्याला कल्पना नव्हती. झुंबरबाईंनी ते पाहिले.

"मुलाकडची अन् मुलीकडची एका उंचीवर? ए पोरा, टाक रं हिकडं आनी एक."

"मला बी टाका," आण्णा म्हणाले.

"टाक रं, पोरा."

"हिकडं दोन!"

लोकांनी जागा करून दिली. दर वेळी आसनस्थ व्यक्तीला सन्मानाने उतरवावे, गादी टाकावी, स्टूल लावावे, आणि पुन्हा सन्मानाने चढवावे, असा क्रम सुरू झाला. आदर्शचा शर्ट घामाने भिजून पाठीला चिकटला. "दाजी, एवढ्या जड असत्यात व्हय गाद्या?" तो धापा टाकीत म्हणाला. "कापूस आहे," बाळासो अभिमानाने म्हणाले, "हवा नव्हे." उभे राहून पाय दुखू लागलेली मंडळी मिळेल त्या गादीवर टेकू लागली. टेकलेली दाबून पाहू लागली. दाबून पाहिलेली भाव विचारू लागली. संयोगिताबाईंनी पदर खोचला आणि भैरवीला पावतीपुस्तक आणायला सांगितले. मोमोवाला एका कोपऱ्यातल्या गादीवर घटकाभर विसावला, आणि पट्टी छातीवर ठेवून गाढ झोपला.

थप्प्या वाढत वाढत पंख्याजवळ पोचल्या तेव्हा भैरवीने पंखा बंद केला. आता दोघांचे डोके समपातळीत होते. त्याहून वर छत होते, आणि छताच्या वर मान नसतो, हे दोघांनाही कळले असावे. दुकानात शांतता पसरली. गुरुजींनी घसा खाकरला. "उभयपक्षांनी आपापली बाजू मांडावी."

झुंबरबाई डोळे मिटून गादीचा काठ घट्ट धरून बसल्या होत्या. आण्णांचा फेटा छताला टेकला होता.

"व्याही," झुंबरबाई अगदी हळू म्हणाल्या, पण शांततेत ते सर्वांना ऐकू आले, "तुमचं बी डोळं फिरत्यात काय?"

"मघापासनं, विहीणबाई. तुमी म्हणशीला भित्रा, म्हणून गप्प हाय."

"मी बी त्याच्यामुळंच."

"अवंतिकानं काल फोनवर काय सांगिटलं, माहीत हाय? म्हणती, आण्णा, हितं आमी दोघं एका ताटात जेवतोय, अन् तुमी तिकडं पंगती मोजताय."

"उन्मेष बी मला तेच म्हणाला." झुंबरबाईंनी एक डोळा उघडला. "त्या पोरांचं पटतंय न्हवं? मग आपुन कशाला हितं वर बसलोय?"

"उतरूया की."

"उतरूया. आदी तुमी."

"छ्या! मुलाकडच्यांच्या आदी उतरून मला नाव ठेवून घ्यायचं न्हाय. तुमी आदी."

"म्हंजे मी आदी खाली गेलो अन् तुमी वर, असंच न्हवं?"

बाळासोंच्या डोळ्यांसमोर आपले पुढील आयुष्य या दोन थप्प्यांच्या मध्ये उभे राहिलेले दिसले. आणि त्याच क्षणी, ज्या मनुष्याने आयुष्यभर फक्त गाद्या शिवल्या, त्याला गादीनेच मार्ग दाखविला. त्यांनी दोन थप्प्यांच्या मधल्या फरशीवर नवी कोरी, सर्वांत जाड गादी आडवी अंथरली.

"आण्णा, बाई," ते हात जोडून म्हणाले, "उतरू नका. उडी मारा. दोघांनी एकदम, हातात हात धरून. कोणी आधी नाही, कोणी नंतर नाही. माझ्या गादीवर विश्वास असेल तर."

"वय बघा की त्यांचं!" तात्या ओरडले.

झुंबरबाईंनी हात पुढे केला. आण्णांनी फेटा काढून काखेत मारला आणि तो हात धरला. गुरुजींनी शाळेतल्यासारखे एक, दोन म्हटले. तीन म्हणायचे धैर्य त्यांना झाले नाही, ते धोंडुबाईंनी म्हटले.

"यव्वाऽऽ!" दोघांनी एकदमच आईचा धावा केला.

धप्प असा एक मऊ, भरदार आवाज झाला. धुरळा नाही, किंकाळी नाही. कापसाने दोघांना पोटात घेतले आणि तसेच अलगद धरून ठेवले. सर्व जण माना उंचावून पाहू लागले. बाळासोंनी डोळे मिटले होते. फोटोत मिटले होते त्याहून घट्ट.

"इंगवले," गादीच्या खळग्यातून झुंबरबाईंचा आवाज आला.

"बाई! लागलं का हो?"

"लागलंय कुठं? ही गादी केवढ्याला?"

"व्वा!" आण्णा पडल्या पडल्या म्हणाले. "निम्म्या गादीवर मी पडलोय. ही माझी."

"मी आदी इचारलं."

"पडलो तर आपुन एकदमच!"

"जोडी शिवून देतो!" बाळासो घाईघाईने म्हणाले. "एकाच कापसाची, एकाच मापाची. आणि ज्या थप्प्यांवर आपण बसला होता, त्या सगळ्या आजच टेंपोनं घरपोच."

दोघे उठून बसले. दोघांनी एकमेकांकडे पाहिले, मग बाळासोंकडे पाहिले. पेठ वडगाव उत्तरेस आणि गडहिंग्लज दक्षिणेस, ही भूगोलाची गोष्ट सर्वांना एकदमच आठवली.

"टेंपो आदी कुनीकडं जायचा?" झुंबरबाईंनी विचारले.

बाळासोंनी घाईने पेढ्याचे ताट पुढे केले. तेवढ्यात खांद्यावर अर्धवट उचललेली गादी आदर्शने खाली ठेवली, कपाळाचा घाम पुसला, कोपऱ्यात घोरणाऱ्या मोमोवाल्याकडे एकदा पाहिले आणि चपला पायांत सरकवल्या.

"दाजी," तो म्हणाला, "तुमी पावत्या फाडा. मी दुसरा टेंपो घेऊन येतो."